लाकूड टाका

पुलाजवळची खोली, काकीनाड्याकडे
१० जानेवारी

दादा,

वर ‘तीर्थरूप’ लिहायला घेतलं होतं. पहिलं अक्षर झालं आणि हात थांबला. खोडलं. कागद मुद्दाम तोच ठेवलाय, तुला खाडाखोड दिसावी म्हणून.

आईच्या दशक्रियेच्या दुसऱ्या दिवशी तू मला फोनवर ब्लॉक केलंस, त्याला दोन वर्षं होत आली. पण पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही. तो तुझ्या त्या रिसॉर्टाच्या दारात येणार आणि माझं पाकीट टाकून जाणार. म्हणून पत्र. आठवी नापास माणसाचं आहे, ऱ्हस्व-दीर्घ तुझं तू लावून घे.

तुझं कुरिअर मिळालं. तेजूच्या लग्नाची पत्रिका. पत्रिका कसली, खोकंच ते. झाकण उघडलं की आतला पुठ्ठ्याचा पूल सोनेरी साखळ्यांवर लटकत खाली येतो, आणि त्याच्यावर नवरानवरीची नावं. बद्रुद्दीनचाचांनी खेळण्यासारखी त्याची उघडझाप केली. हे चाचा म्हणजे माझे इथले वरचे, खाडीवरचा उचलता पूल चालवतात. मूळचे मालेगावचे, म्हणून इतक्या लांब आमचं बरं जमतं. म्हणाले, “अबे रोहित, तेरे भाई ने तो पुराच पूल छाप डाला! इसको ग्रीस कौन मारेगा?” सगळी खोली हसली. मी पण हसलो. मग आतली नावं वाचली आणि तोंडाला कडू पाणी सुटलं.

मुलीचे मामा : श्री. भास्करशेठ.

हा आपला मामा कधी झाला रे? रिसॉर्टातला तुझा भागीदार तो. आईनं त्याला कधी पाहिला असेल तर आपल्या बांधावर गाडी लावून फोनवर बोलताना. आपल्या मामाचं नाव गेणू. सुरगाण्याच्या डोंगरात पाड्यावर राहतो. भात, नागली करतो. चालता-बोलता जिवंत आहे. आणि त्याची बहीण सिंधुबाई ही तुझी, माझी आणि तेजूची आई होती. तू विसरला असशील असं नाही. पण तू खोटं छापून घेतलंस, तर खरं पण कुठंतरी कागदावर असावं.

तेजूनं फोनवर सगळं सांगितलं मला. तू व्याह्यांना सांगून बसलायस, की आमची आई निफाडकडच्या पाटलांची. आणि डोक्यावर बोचकं घेऊन द्राक्षछाटणीच्या टोळीतून दिंडोरीला आली होती ती कोण? अण्णांनी जिच्यासाठी भावकीशी भांडण घेतलं, मरेपर्यंत भावकीच्या पंगतीला बसले नाहीत, ती कोण? नाशिकच्या कापडवाल्यांना आदिवासी मामा चालायचा नाही, म्हणून तू मामाच दुसरा आणलास. मंडपवाल्याकडून गाद्या आणतात तसा.

दशक्रियेला तू मामा-मामीला पॅकिंग शेडमध्ये बसवलंस. द्राक्षाचे क्रेट उलटे घालून त्यावर त्यांची पानं वाढलीस, सख्ख्या बहिणीच्या दहाव्याला. मी माझं पान उचलून शेडमध्ये जाऊन बसलो, तेवढ्यावरून तू मला घराबाहेर काढलंस. मला वाटलं होतं, याच्याखाली तू जाणार नाहीस. तुला अजून पायऱ्या सापडल्या.

आणि पत्रिकेत तुझ्या हातची चिठ्ठी : “मागचं विसर. तुला पुलाचं काम येतं. आपल्या गेटच्या पुलाची मोटर मधेच अडकते. चार दिवस आधी येऊन बघून दे. नवरदेवाची एन्ट्री त्याच्यावरून आहे.”

भावाला बोलावलंच नाहीस तू. मेकॅनिकला बोलावलंस.

मी येणार नाही. तुझ्या मोटरला हात लावणार नाही. अडकू दे.

रोहित


२७ जानेवारी

दादा,

उत्तर आलं. रिसॉर्टाच्या लेटरहेडवर, छापील, खाली सही आणि शिक्का. भावाच्या पत्रावर शिक्का मारणारा तूच पहिला असशील. चाचा म्हणाले, “चिठ्ठी है या नोटीस?”

तू लिहितोस, मला व्यवहार कळत नाही. लिहितोस, गेणूमामाचा मान तू ठेवणारच आहेस. लग्नानंतर जोडी वणीला देवीच्या दर्शनाला जाईल तेव्हा मामा-मामीला पायथ्याशी बोलावून घेशील, नवे कपडे देशील, तेजूची भेट घालून देशील.

पायथ्याशी. तिथल्या गर्दीत. नारळाच्या दुकानांपुढे. म्हणजे जावयानं विचारलंच की हे कोण, तर ‘जुनी कामावरची माणसं’ म्हणून पुढे चालता येईल. जागा तू लय विचार करून निवडलीस. तेवढा विचार कधी चांगल्या कामाला केला असतास तर आज मला तुझं नाव लिहिताना थुंकावंसं वाटलं नसतं.

तेजूला विचारलंस का, तिला काय पाहिजे? मी विचारलं. पोरगा तिला पसंत आहे. लग्न मोडायचं नाही तिला, मोडावं असं मला पण वाटत नाही. तिचं एवढंच म्हणणं, की मंगलाष्टकं चालू असताना पाठीशी गेणूमामा उभा पाहिजे. म्हणाली, “आई नाही, अण्णा नाहीत. आईचं म्हणून निदान तेवढं एक माणूस माझ्या मागं असू दे. पण मोठ्या दादाचं तोंड बघितलं की माझ्या घशातनं शब्द निघत नाही रे.” एवढीशी गोष्ट आहे. एका माणसाला एका पाटामागं उभं राहू द्यायचं.

पुढे तू टोमणा मारलास : “पुलावर काम करतोस आणि माणसं तोडायला निघालास.”

मग ऐकच आमच्या पुलाचं.

खाडीच्या तोंडाशी आमचा पूल. एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला मासळीचा धक्का. उंच डोलकाठीची बोट आली, की पुलाचा मधला भाग दाराच्या फळीसारखा वर उचलायचा. आधी भोंगा देतात. मग दोन्हीकडची फाटकं पडतात. मग मी लाल झेंडा घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी चालत जातो आणि ओरडतो, “माणूस नाही, जनावर नाही!” मी ओरडलो की मगच चाचा वर केबिनमध्ये दांडा ओढतात. पुलावर कोणी असलं तर दांड्याला हात नाही. मग खाली बोटीवाला आईबापाचा उद्धार करो.

मागच्या आठवड्यात एक मासळीवाली बाई बरोब्बर पुलाच्या मध्यावर बसून राहिली. चपलेचा पट्टा तुटलेला, पुढ्यात टोपली. चाचा माईकवरून हिंदीत विनवतायत, ती तेलुगूत त्यांना काहीतरी सुनावतेय, बोटी भोंगे मारतायत. शेवटी मी खाली बसून बांधणीच्या तारेनं तिचा पट्टा जोडला. ती उठली, चार पावलं चालून बघितली, परत खाली बसून मला दुसरी चप्पल दाखवली. ती पण मोडकीच होती. ती पण जोडली. मग पूल वर गेला. बोट आत आली की पूल खाली. खाली आलेला नसला तर गाव आम्हाला फाडून खाईल.

आमचा पूल वर जातो तो कोणाला तरी वाट द्यायला. तुझा कशाला जातो ते सांग.

तेजूनं व्हिडिओ पाठवलाय तुझ्या ‘द्राक्षगडा’चा. अण्णांची थॉमसन द्राक्षाची बाग मोडून तू तिथं हे उभं केलंस? पीओपीचा बुरूज. फायबरच्या तोफा. खंदकाला तळाशी निळा रंग, वर नळाचं पाणी, आणि गणपतीला असतात तसल्या लायटिंगच्या माळा. पुलाच्या साखळ्या पण फायबरच्या, काळ्या रंगवलेल्या. भार सगळा मागं लपवलेल्या तारेवर आणि मोटरवर. लग्नघरचं वऱ्हाड आत आलं की पूल वर. म्हणजे काय, तर आसपासच्या वाडीवस्तीची माणसं पंगतीला घुसू नयेत. पूर्वी अण्णांच्या बागेत छाटणी संपली की टोळीला जेवण असायचं, पुरणाचं. आई स्वतः वाढायची. तिथंच तू खड्डा खणलास.

आणि दारात मावळे! मिशा चिकटवलेले, हातात पत्र्याचे भाले. पायात मात्र ज्याच्या त्याच्या प्लास्टिकच्या चपला. त्यातला डावीकडचा मी ओळखला. हिरामण. मामाच्या शेजारच्या पाड्यावरचा. सगळीच पोरं सुरगाण्याची आहेत ना रे? म्हणजे आईकडच्या माणसांना तू गडावर ठेवलंयस. भाला देऊन, आईकडच्याच माणसांना बाहेर ठेवायला.

व्हिडिओ मी पुरता बघू शकलो नाही.

रोहित


११ फेब्रुवारी

दादा,

हे शेवटचं विनवणीचं पत्र. पुढच्या आठवड्यात लग्न आहे, वेळेत पोहोचावं म्हणून स्पीड पोस्ट करतोय.

मी मामाशी बोललो. पाड्यावर रेंज नाही. सुरगाण्याच्या जीपवाल्याला निरोप दिला तेव्हा मामा डोंगर उतरून रस्त्यावर आला आणि जीपवाल्याच्या फोनवर बोलला. मला वाटलं, तो चिडलेला असेल. मी त्याच्या वाटणीचं चिडून ठेवलं होतं. तर तो म्हणतो, “नको रं बाबा काय बोलूस दीपकला. पोरीचं लगीन नीट पार पडू दे. मी काय जेवायला न्हाय येत. साडी तेवढी देतो आन माघारी फिरतो.”

पिवळी साडी. मामानं भाचीला द्यायची ती. सुरगाण्याच्या बाजारातून त्यानं आणली आहे. भागीमामीनं ती तांदळाच्या कोठीवर फडक्यात बांधून ठेवलीय, उंदरानं कुरतडू नये म्हणून. मागून मामीचा आवाज येत होता, “इचार त्याला, पोरगी ती नेसंल का? का तिला शेरातलीच लागंल?” मामा तिला म्हणाला, “गप गं, नेसंल न नेसंल. द्यायची आपुन.”

तर मी तुला एवढंच मागतो. मंडपात उभं करू नकोस, पंगतीला बसवू नकोस. तुझी लाज तुझ्याजवळ ठेव. त्याला पूल ओलांडून आत येऊ दे, साडी तेजूच्या हातात देऊ दे, आणि जाऊ दे.

तुला आठवण देतो. आठवण द्यावी लागतेय याचीच मला शिसारी येते.

मामाच्या पाड्यापुढचा नाला. त्याच्यावर सागाचं लाकूड टाकलेलं असायचं, वरून तासून सपाट केलेलं. पावसाळ्यात पुरानं वाहून नेऊ नये म्हणून पलीकडचं टोक दोरानं वर ओढून अलीकडच्या ऐनाच्या झाडाला बांधून ठेवायचे. दोराच्या दुसऱ्या टोकाला मोठा दगड, म्हणजे एकट्या माणसाला पण उचलता यावं. इथं मी पहिल्यांदा आमच्या पुलामागचं वजन बघितलं तेव्हा चाचांना म्हणालो, हे तर आमच्या मामाकडे आहे. त्यांना खरं वाटेना.

आणि त्या लाकडाचा नेम काय होता? पलीकडच्या काठावरून कोणी हाळी दिली, “लाकूड टाकाऽऽ”, की नाल्याजवळच्या घरानं उठायचं आणि लाकूड खाली सोडायचं. कोण आहे ते विचारायचं नाही. लाकूड टेकेपर्यंत नाव विचारायचंच नाही. पावसात उभ्या माणसाला आधी अलीकडे घ्यायचं, बाकीचं मग.

मामाची बकरी चोरणारा माणूस तुला आठवतो? पावसात त्यानं पलीकडून हाळी दिली. मामानं आवाज ओळखला. उठला, लाकूड टाकलं, त्याला अलीकडे येऊ दिलं, आणि मग दोन कानाखाली दिल्या. आई विचारत होती, “मग टाकलंसच कशाला?” मामा म्हणाला, “लाकडाचं येगळं, बकरीचं येगळं.” आपण तिघं पोटं धरून हसलो होतो. तू सगळ्यात जास्त.

आणि तू स्वतः. मामाचं न ऐकता एकटाच रस्त्याकडे गेला होतास आणि नाला भरला. पलीकडे भिजलेल्या कोंबडीसारखा उभा. तुझ्या तोंडातून ‘लाकूड’ पण धड निघत नव्हतं, नुसता रडत होतास. तरी मामीला कळलं. तव्यावरची भाकर तशीच टाकून ती धावली होती.

आता पूल तुझ्याकडे आहे. बटण दाबायचंय फक्त. दोर पण ओढायचा नाही.

रोहित


१ मार्च

दादा,

परवा तू मला फोन केलास. शिव्या द्यायला ब्लॉक काढलंस आणि देऊन झाल्यावर परत लावलंस. मला एक शब्द बोलू दिला नाहीस. आणि आता दिंडोरीत सगळ्यांना सांगत फिरतोयस, की रोहितनं लांबून फोनवर पोरं फोडली, त्यांना काहीतरी चारलं, मोटर मुद्दाम बिघडवून घेतली आणि बहिणीच्या लग्नात भावाचं नाक कापलं.

म्हणून हे लिहितो. तू मांडवात होतास, पण तू काही बघितलं नाहीस. तू व्याह्यांच्या तोंडाकडे बघत होतास. मला तेजूनं सांगितलं, हिरामणनं सांगितलं, आणि भागीमामीनं तर इतकं सांगितलं की जीपवाल्याचा फोन बंद पडला.

माझं पत्र तुला मिळालं होतं. तेजूनं तुझ्या टेबलावर पाकीट फोडलेलं बघितलं. म्हणजे मामा येणार हे तुला ठाऊक होतं. तरी तू दारावर सांगून ठेवलंस, की मनगटात पाहुण्यांना वाटलेला पट्टा नसेल त्याच्यासाठी पूल खाली घ्यायचा नाही, कोण का असेना.

नवरदेव घोड्यावरून आत गेला. पूल वर गेला. मग मामा-मामी जीपमधून उतरले. मामाच्या अंगात नवा सदरा, घड्या मोडलेल्या नाहीत. हिरामणनं खंदकापलीकडून ओळखलं. बिचारा म्हणाला, “मामा, वरून हुकूम हाय. पट्टा नसंल तर पूल खाली न्हाय.” मामा म्हणाला, “बरं.” एवढंच. वाद नाही, काही नाही. रस्त्याकडेच्या दगडावर जाऊन बसला, मांडीवर साडीचं फडकं.

मामाला वाटलं, साडी तरी पोचावी. हिरामणला म्हणाला, “हितनं टाकू का? झेलशील?” तर मामी कडाडली, “पोरीची साडी काय वैरण हाय व्हय, फेकायला?”

मग दोघं बसले. आत डीजे. ऊन डोक्यावर. हिरामण म्हणतो, “भाऊ, भाला धरून मी हिकडं उभा आन मामा तिकडं बसलेला. मला मिशीच्या खाली घाम आला. माझ्याच्यानं बघवंना.” पण तरी त्यानं बटण दाबलं नाही. कामावरून जायची भीती. बायको-पोर आहे त्याला. मी त्याला फोडला असता तर तो तेव्हाच फुटला असता, हे तुझ्या डोक्यात येतं का?

मग गुरुजींनी मुहूर्त जवळ आला म्हणून डीजे बंद करायला लावला. “मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं.” भास्करशेठ फेटा सावरत तेजूच्या खोलीकडे निघाला. सगळीकडे शांत झालं.

बाहेर मामी मामाला म्हणाली, “हाळी दे की.”

मामा म्हणाला, “हितं काय लाकूड हाय का?”

“मग त्ये उभं काय केलंय?”

मामा काही उठेना. तेव्हा मामी उठली. खंदकाच्या कडेला गेली, दोन्ही हात तोंडाला लावले आणि ओरडली, “लाकूड टाकाऽऽ!”

बस. एवढंच झालं. यात माझा काय हात?

हिरामण शपथेवर सांगतो, “बटण मी दाबलं ते मला दाबल्यावर कळलं. हाळी आली आन हात गेला.” त्याच्या शेजारच्या तिघांनी पण हात पुढं केले होते, त्याचा आधी पोचला एवढंच. चौघं पाड्यांवरची पोरं. लहानपणापासून पावसात या हाळीला उठलेली. तू त्यांना मिशा लावल्यास, भाले दिलेस, पट्टे बघायला शिकवलंस. पण हाळी आली तर उठायचं नाही, हे शिकवायचं राहून गेलं तुझं.

पूल निम्मा खाली आला आणि तुझी मोटर अडकली. ही तीच, जी बघायला तू मला बोलावत होतास. मी आलो असतो तर ती नीट चालली असती आणि कदाचित कोणी लगेच परत वर पण घेतला असता. पूल छातीएवढ्या उंचीवर तिरका लोंबकळत राहिला. मग त्या चौघांनी भाले फेकून दिले, कडेला हात घातले आणि लोंबकळले त्याला. एकाची मिशी खंदकात पडली. फायबरची साखळी फाटकन तुटली, आतून पांढरी निघाली, आणि पूल पलीकडच्या काठाला टेकला. आणि वर तुझा ड्रोन फिरत होता, सगळं टिपत. व्हिडिओवाल्याला तू ते कापायला सांगितलंस असं ऐकलं. त्यानं कापायच्या आधी तेजूनं मागून घेतलं. आमच्या खोलीत सगळ्यांनी बघितलं. चाचा म्हणाले, “ये है असली पूलवाले,” आणि पहिल्यांदाच हसले नाहीत.

आतलं तेजूनं सांगितलं. ती पाटावर जायला उठली होती. भास्करशेठ दारात. तेवढ्यात हाळी आली. म्हणाली, “आई गेल्यापासून तो आवाज ऐकला नव्हता रे. माझ्या घशातला बोळा निघाल्यासारखं झालं.” ती खाली बसली. भास्करशेठला म्हणाली, “थांबा, माझा मामा आलाय.”

गुरुजींनी विचारलं, “मग हे कोण?”

भास्करशेठ म्हणे, “मी... व्यवस्थेतला.”

कसला माणूस निवडलास दादा! एक मिनिट पण मामा राहिला नाही तो.

मग मामा आला. चपला बाहेर काढून, लाल गालिच्यावर अनवाणी. नवरदेवाच्या आजीनं विचारलं, “हे कोण गं?” तेजू सगळ्यांपुढे म्हणाली, “माझा मामा. आईचा सख्खा भाऊ. सुरगाण्याचा.” तिनं त्या साडीची घडी तिथंच मोडली आणि भरजरी शालूवर खांद्यावरून घेतली. मामा तिच्या पाठीशी उभा राहिला. मंगलाष्टकं झाली. आभाळ पडलं नाही.

सगळं गोड झालं असं मी म्हणत नाही. विहीणबाईंनी खुर्ची मामीपासून लांब ओढली, ते तेजूनं बघितलं. त्या अजून तिच्याशी धड बोलत नाहीत. व्याही मामाला काही बोलले नाहीत. तुला म्हणाले, “दीपकराव, आपण नंतर बोलू.” तू काय बोललास ते तुला ठाऊक. मला त्यांची पण किळस येते. पण ते परके. तू आईच्या दुधावरचा.

पूल परत वर गेलाच नाही. मग वाडीतली माणसं आली, द्राक्ष तोडायला आलेली टोळी आली, जेवून गेली. सात-आठ पातेली पुसून रिकामी झाली म्हणे. अण्णांच्या बागेत परत एकदा टोळी जेवली, आणि तू ते नुकसान म्हणून सांगतोयस.

हिरामणला तू दुसऱ्या दिवशी काढलंस. त्यानं भाला जमा केला, मिशी नाही केली. त्याचं पोरगं ती लावून पाड्यावर फिरतंय. चाचांना विचारलंय मी, इथं एक जागा निघतेय झेंडा घेऊन चालायची. मी आता वर केबिनमध्ये शिकतोय. हिरामण आला तर बरं. पुलावर कोणी असताना दांडा ओढायचा नाही, हे त्याला शिकवावं लागणार नाही.

तेवढं झालं. माझा राग गेलेला नाही. तुझं नाव आलं की अजून तोंडाला तेच कडू पाणी सुटतं. हे पत्र लिहितानाही दोनदा उठून बाहेर थुंकून आलो.

पण एक आहे, ते लिहिल्याशिवाय पाकीट बंद करता येत नाही. मी मामाला फोनवर म्हणालो, आता दीपकचं तोंड बघू नकोस. तर मामा म्हणतो, “आसं कसं. त्यो आला आन हाळी दिली त मी काय नाव इचारू का त्याला?”

तर लक्षात ठेव. पावसाळा लागला की मामा लाकूड वर बांधेल. तू कधी नाल्यापलीकडे येऊन उभा राहिलास, तर हाळी दे. मामा विचारणार नाही कोण आहेस ते.

त्या दिवशी मी तिथं असलो, तर मी विचारीन.

रोहित